लेन्स बसते, पण फोकस बसत नाही

कॅमेरा कट्टा : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

सोलापूरची गड्डा यात्रा संपली, लग्नांचे मुहूर्त सुरू झाले, आणि दरवर्षीप्रमाणे या टायमाला नवीन बॉडी घेऊ का नको असं विचारणारी पत्रं आली. यंदा गंमत अशी की बॉडी कुठली हे विचारणारे कमी, आणि "घरात पडलेल्या लेन्सचं काय" हे विचारणारेच जास्त, म्हणून हा महिना त्यांचा.

प्रश्न : अण्णा नमस्कार. साखर पेठेत आमचा वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ आहे. वडील निकॉन एफ८० मध्ये रोल घालून लग्नं करायचे, मी २००९ ला डी९० घेतला तो आजपर्यंत ओढतोय. लेन्स तीन, तिन्ही वडिलांच्याच : ५० एमएम १.८ डी, ८५ एमएम १.८ डी आणि ८०-२०० २.८ डी. आता डी९० वर आयएसओ १६०० च्या वर गेलो की फोटोत रांगोळी पडते आणि गिऱ्हाईक स्वतःचा मोबाईल काढून दाखवतंय की बघा हा किती क्लिअर आला. दुकानदार म्हणतो सेकंडहँड डी५६०० घ्या, निकॉनची लेन्स निकॉनला बसणारच. मित्र म्हणतो डायरेक्ट झेड५ घे बे, मधे एक रिंग लावली की सगळं चालतंय. मला तर काय कळंना झालंय. लेन्स विकायच्या नाहीत, वडिलांची आठवण आहे, आणि खरं सांगायचं तर नवीन घ्यायला बजेट पण नाही. ऑटोफोकस चालेल का नाही तेवढं सांगा.

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाहीये हो. डी५६०० वर तुमच्या तिन्ही लेन्स बसतील, टक् करून लॉक होतील, फोटोपण निघेल. फक्त फोकस तुम्हाला हाताने फिरवावा लागेल, प्रत्येक फोटोला, वरात नाचत असताना पण. "बसते" आणि "चालते" या दोन शब्दांतला फरक दुकानदार सांगत नाही, कारण तुम्ही विचारलं नव्हतं.

आधी एक काम करा, हे वाचता वाचताच. डी९० ची लेन्स काढा आणि बॉडीच्या तोंडाकडे बघा. धातूची गोल रिंग आहे ना, तिच्या खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी एक बारकी दांडी बाहेर डोकावताना दिसेल. लेन्स काढायचं बटण दाबून धरलं की ती आत जाते, सोडलं की परत बाहेर येते. आता ५० एमएम उलटी करून तिच्या मागच्या रिंगवर बघा, तेवढीच एक खाच आहे, सरळ चीर पडलेल्या स्क्रूच्या डोक्यासारखी. तुमचा ऑटोफोकस म्हणजे एवढंच. मोटर बॉडीत, ती ही दांडी फिरवते, दांडी खाचेत अडकलेली असते म्हणून लेन्स फिरते, आणि म्हणून तो घर्र असा आवाज येतो जो तुम्हाला लहानपणापासून पाठ असणार. तुमच्या या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाहीच. बॉडीने फिरवलं तर फिरेल, नाहीतर गप पडून राहील.

निकॉनचा हा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची ही रिंग, १९५९ चा, ऑटोफोकसच्या आधीपासूनचा. १९८६ ला एफ-५०१ काढताना त्यांनी ऑटोफोकससाठी जुन्या माउंटलाच ही दांडी बसवली, जुनं काही मोडलं नाही, त्याचं कौतुक आजही लोक करतात. पुढे मोटर लेन्समध्येच घालायला लागले, त्या एएफ-एस लेन्स. मग २००६ ला डी४० काढताना कॅमेरा हलका आणि स्वस्त करायचा म्हणून बॉडीतली मोटरच काढून टाकली. तेव्हापासून डी३००० पासून डी३५०० पर्यंत आणि डी५००० पासून डी५६०० पर्यंत, ही जी सगळी छोटी चार आकडी मंडळी आहेत, त्यातल्या एकातही मोटर नाही. दुकानात डी५६०० हातात घेऊन लेन्स काढून बघा, ती दांडीच दिसणार नाही. दोन सेकंदांची तपासणी आहे, पैसे लागत नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या आदल्या रात्री माझ्या डी७०० चं शटर गेलं. मेव्हण्याकडे डी५३०० होता तो आणला, माझी ८५ डी त्याला लावली, बसली, डिस्प्लेवर अपर्चर आलं, मी म्हणलं झालं काम आणि निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपत आली, लोकांनी अक्षता मुठीत घेतल्या, मी बटण अर्धं दाबलं आणि काहीच नाही. घर्र नाही, फर्र नाही. परत दाबलं. मला वाटलं लेन्स नीट बसली नसेल, ती बघितली, बरोबर बसली होती. तेवढ्यात अक्षता पडल्या पण, अंतरपाट गेला पण, आणि मी मान खाली घालून लेन्स बघतोय असा फोटो दुसऱ्याच फोटोग्राफरने काढलेला आहे. नंतर हाताने रिंग फिरवून बाकीचं लग्न केलं. मामा मंडळी शार्प आली, नवरी मागे धूसर.

अशा बॉडीवर काहीच मदत नसते असं पण नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो, हाताने फोकस बरोबर जागी आला की तो स्थिर पेटतो. मेनूत रेंजफाइंडर चालू केलं तर कुठल्या बाजूला फिरवायचं तेही दाखवतं. बसलेल्या आजीचा फोटो काढायला हे पुरेसं आहे. हळदीला पळणाऱ्या पोरांसाठी नाही.

आता मित्राची रिंग. तिचं नाव एफटीझेड, २०१८ ला झेड६ आणि झेड७ बरोबर आली, २०२१ ला तिची दुसरी आवृत्ती आली, आणि दोन्हीतल्या एकीतही फोकसची मोटर नाही. का नाही ते समजून घ्या म्हणजे पुढे कोणी फसवणार नाही. तुमच्या डी९० मध्ये लेन्सच्या रिंगपासून सेन्सरपर्यंत अंतर साडेशेचाळीस मिलिमीटर, मधे आरसा असतो म्हणून. झेड मध्ये आरसा नाही, तिथे हे अंतर फक्त १६ मिलिमीटर. म्हणजे जुनी लेन्स साडेतीस मिलिमीटर पुढे धरून ठेवावी लागते, आणि ती रिंग म्हणजे मुख्यतः तेवढी पोकळ नळीच, आत काच वगैरे काही नाही. अपर्चरची कळ ढकलायची सोय तिच्यात आहे, दांडी फिरवायची नाही. त्यामुळे झेड५ वर तुमच्या डी लेन्सना अपर्चर बॉडीवरून बदलता येईल, मीटरिंग बरोबर येईल, फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव येईल, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय, पण मिळेल, जे या लेन्सना जन्मात मिळालं नव्हतं. फक्त ऑटोफोकस नाही. फोकस पीकिंगने जिथे फोकस आहे त्या कडा रंगीत दिसतात, मॅग्निफाय करून डोळ्याच्या पापणीवर फोकस लावता येतो, शांतपणे पोर्ट्रेट करणाऱ्याला खरंतर मजा येईल. पण तुम्ही लग्नं करता.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, मोटरवाली डीएसएलआर, म्हणजे तुमच्या डी९० सारखी आरसेवाली बॉडी, बघा, सेकंडहँड. डी७२०० किंवा डी७५०, आणि दोन्ही आवाक्यात असतील तर डी७५०. तो फुल फ्रेम, म्हणजे रोलच्या फ्रेमएवढा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, दोन कार्ड, आणि अंधाऱ्या कार्यालयात तुमच्या डी९० पेक्षा कितीतरी पुढे. डी७५०० मध्येपण मोटर आहे आणि तो डी७२०० पेक्षा नवा आहे, पण त्यात कार्ड एकच बसतं, आणि लग्नाचं काम एका कार्डावर करणं म्हणजे मला तरी झोप येणार नाही. बजेट असेल तर डी७८० आहे, २०२० चा, त्यातही मोटर आहे.

एक गोष्ट फुल फ्रेमवर गेल्यावर खटकेल ती आधीच सांगतो. डी९० चा सेन्सर लहान, त्यामुळे तुमची ८५ इतकी वर्षं तुम्हाला साधारण १२७ सारखी दिसत होती, आणि ८०-२०० ची लांब बाजू ३०० सारखी. डी७५० वर ८५ ही ८५ च दिसेल. स्टेजपासून जिथे उभं राहायची सवय लागलीय तिथून सगळं लांब गेल्यासारखं वाटेल, दोन पावलं पुढे जावं लागेल, व्हिडिओवाल्याशी भांडण होईल. उलट ५० एमएम, जी लहान खोलीत जवळ जवळ वाटायची, ती एकदम मोकळी होईल. वडिलांना एफ८० वर ती तशीच दिसायची.

दुकानात जाताना तिन्ही लेन्स घेऊन जा. आणि एक सोलापुरी चादर पण न्या, हसू नका. टेबलावर चादर तिरकी पसरायची, तिच्या विणीतल्या एका आडव्या पट्टीवर मधल्या पॉइंटने फोकस करायचा, ८५ एफ १.८ वर, आणि फोटो झूम करून बघायचं की जिथे फोकस केला तीच पट्टी शार्प आहे का पुढची का मागची. आमच्या चादरीच्या जेकार्ड डिझाइनएवढा स्वस्त टेस्ट चार्ट जगात कुठे मिळणार नाही. पुढची पट्टी शार्प येत असेल तर घाबरू नका, डी७२०० आणि डी७५० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, प्रत्येक लेन्सला वेगळी सेटिंग साठवता येते. ही सोय तुमच्या डी९० मध्ये नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं "ही ८५ जरा सॉफ्टच आहे" असं वाटत असेल तर लेन्सचा बिचारीचा दोष नसेल पण कदाचित. अपर्चरची रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे त्या नारिंगी आकड्यावर, लॉक ठेवा नाहीतर डिस्प्लेवर एफ ई ई अशी एरर येईल आणि दुकानदार म्हणेल तुमची लेन्स खराब आहे.

लेन्स उजेडात धरून अपर्चरच्या पात्या पण बघा. वडिलांच्या काळापासूनच्या लेन्स, त्यात आपला मे महिना, गाडीच्या डिकीत बॅग ठेवली की आतलं ग्रीस पातळ होऊन तेल पात्यांवर येतं. पात्या ओल्या आणि चमकदार दिसल्या तर त्या हळू बंद होतात आणि फोटो पांढरे येतात, लोक मग बॉडीला शिव्या देतात. साफ होतं ते, माहीतगार माणसाकडे द्यायचं.

आणि इथून पुढे मिररलेसला, म्हणजे झेडसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याला, जायचं कधीतरी डोक्यात असेल तर आता नवीन डी लेन्स घेऊ नका, घेतली तर एएफ-एस घ्या, ती तुमच्या डीएसएलआरवर पण फोकस करते आणि एफटीझेड लावून झेड वर पण करते. जुनी एएफ-एस घेताना मात्र कान लावून ऐका, चिं चिं आवाज येत असेल तर तिची मोटर जायला आलीय, आणि लेन्समधली मोटर बदलणं फार महागात पडतं. तुमच्या डी लेन्सचं तेवढं सुख आहे, मोटरच नाही तर जळणार काय.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नान्नजला काळवीट आणि पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कॅनन १३००डी आहे, त्याच्यावर १८-५५, ५५-२५० एसटीएम आणि ५० एमएम एसटीएम. मिररलेस घ्यायचाय. आर१० आणि आर८ मध्ये कन्फ्यूज आहे, आर८ फुल फ्रेम आहे म्हणजे चांगलाच असणार ना? आणि कॅननचा ॲडॉप्टर महाग वाटतोय, ऑनलाइन एक अगदी स्वस्तातली रिंग दिसली, चालेल का?

उत्तर : तू नशीबवान आहेस, कारण कॅननवाल्यांनी हे सगळं रडणं १९८७ लाच उरकून घेतलं. तेव्हा त्यांनी जुना एफडी माउंट सरळ बंद केला, ईओएस ६५० बरोबर नवीन ईएफ माउंट आणला, आणि पहिल्या दिवसापासून मोटर लेन्समध्येच घातली. बॉडी आणि लेन्समध्ये दांडी वगैरे काही नाही, फक्त सोनेरी टिकल्या, विजेचं बोलणं. एफडीच्या लेन्स ज्यांच्या कपाटात होत्या त्यांनी तेव्हा काय काय म्हणलं असेल ते छापता येणार नाही, पण त्याचा फायदा आज तुला मिळतोय. ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स ॲडॉप्टर लावून आर सिरीजवर ऑटोफोकससकट चालतात, तुझ्या ५५-२५० चं स्टॅबिलायझेशन पण चालतं, प्राणी ओळखून डोळ्यावर फोकस धरायचं जे नवीन फीचर आहे तेपण या जुन्या लेन्सवर चालतं.

आता आर८. तुझ्या १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस लेन्स, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेल्या. फुल फ्रेमवर लावल्या की कॅमेरा आपोआप मधला भागच वापरतो, आणि आर८ च्या २४ मेगापिक्सेलमधले साधारण साडेनऊ उरतात. १३००डी चे १८ आहेत. म्हणजे पैसे घालून मेगापिक्सेल निम्मे! ५० एमएम तेवढी पूर्ण चालेल कारण ती ईएफ आहे. फुल फ्रेम म्हणजे चांगलाच हे वाक्य लेन्स कुठल्या आहेत ते बघितल्याशिवाय बोलायचं नसतं. तू आर१० घे. २४ मेगापिक्सेल पूर्ण मिळतील, २५० एमएम ही ४०० सारखी दिसत राहील, आणि नान्नजला काळवीट काही तुझ्यासाठी जवळ येऊन उभं राहत नाही. आर१० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही हे मात्र लक्षात ठेव, तुझ्या ५० एमएम मध्ये पण नाही, संध्याकाळी ती लावलीस तर हात स्थिर नाहीतर शटर स्पीड वर.

स्वस्त रिंगेचं म्हणशील तर आतल्या बाजूला बघ, सोनेरी टिकल्या आहेत का. नुसती पोकळ धातूची रिंग असेल तर ती अंतर भरते बाकी काही करत नाही, फोकस नाही, अपर्चर पण बदलत नाही, कारण तुझ्या लेन्सवर अपर्चरची रिंगच नाहीये. एसटीएम लेन्सची फोकस रिंग पण विजेवर चालते, म्हणजे हाताने फिरवली तरी आत काही हलत नाही, तुझ्या हातात एक सुंदर पेपरवेट येईल. टिकल्या असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या रिंगा मिळतात आणि त्यातल्या काही व्यवस्थित चालतात. पण घ्यायच्या आधी तुझी ५५-२५० त्याच्यावर लावून, दूरच्या पक्ष्यावर, सलग फोटो काढून बघ, नुसतं दुकानातल्या पंख्यावर फोकस बघून येऊ नको. कॅननच्या ॲडॉप्टरचे तीन प्रकार आहेत, साधा, कंट्रोल रिंगवाला आणि आत फिल्टर टाकता येणारा. साधा घे. उलटं मात्र होत नाही : आर सिरीजची नवीन आरएफ लेन्स तुझ्या १३००डी वर कुठल्याच रिंगने लागणार नाही, म्हणून जुनी बॉडी बॅकअप म्हणून ठेवणार असशील तर लेन्स ईएफच घेत जा.

एक जादा. नान्नजला सकाळी दहानंतर काढलेले लांबचे फोटो सगळे मऊ येतात आणि पोरं म्हणतात ॲडॉप्टरमुळे फोकस चुकतोय. चुकत नाही रे. माळावरची जमीन तापते, हवा नाचते, त्या नाचणाऱ्या हवेतून कुठलीच लेन्स शार्प फोटो काढणार नाही, लाखाची असली तरी. उजाडता जा, ऊन चढायच्या आत परत ये. आणि गाडी रस्त्यावरच ठेव, गवतात घालू नको, माळढोकासाठी राखलेली जागा आहे ती.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी३२०० आहे. ओळखीतून ७०-३०० एमएम लेन्स अगदी नवीकोरी स्वस्तात मिळाली. लावली तर फोकस होत नाही, मॅन्युअल पण होत नाही. लेन्समध्ये मोटर आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि लेन्सवर पण काही खराबी दिसत नाही. सर्व्हिसिंगला टाकू का?

उत्तर : टाकू नका, पैसे वाया जातील, लेन्स ठणठणीत असणार. तिच्यावरचं नाव नीट वाचा, एएफ-एस आहे का एएफ-पी. मी पैज लावतो पी आहे. एएफ-पी मध्ये मोटर असतेच, विकणारा खरंच बोलला, पण ती स्टेपिंग मोटर आहे आणि तिच्याशी कसं बोलायचं हे तुमच्या डी३२०० ला शिकवलेलंच नाही, कारण तो २०१२ चा आणि या लेन्स २०१६ पासूनच्या. मॅन्युअल पण होत नाही कारण फोकसची रिंग विजेवर चालते, बॉडीने हुकूम दिला तरच काच हलते. डी३१००, डी५१००, डी७०००, डी९० यांचीही हीच कथा. डी३३०० आणि डी५३०० वर फर्मवेअर अपडेट केल्यावर चालते, डी३४०० पासून पुढे सरळ चालते.

वरच्या साखर पेठेतल्या पत्राच्या बरोबर उलटा प्रकार झालाय बघा, तिथे बॉडी नवी आणि लेन्स जुनी, इथे लेन्स नवी आणि बॉडी जुनी, आणि दोन्हीकडे ती टक् करून बसली म्हणून फसगत. ओळखीतून घेतलीय तर ओळखीतूनच परत द्या आणि बदल्यात एएफ-एस ५५-२०० किंवा ५५-३०० मिळते का बघा. किंवा ठेवायचीच असेल तर सेकंडहँड डी३४०० शोधा, पण लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून कॅमेरा घेणं म्हणजे बटण मिळालं म्हणून शर्ट शिवणं.

प्रश्न : रोलच्या काळातली सिग्मा २८-७० एफ २.८ कॅननसाठीची, एका कॅनन डिजिटल बॉडीवर लावली. कधी चालते कधी एरर येते. काय भानगड आहे?

उत्तर : "कधी कधी" नाही, नीट बघा, एफ २.८ वर चालत असेल आणि अपर्चर जरा बंद केलं की एरर येत असेल. सिग्माच्या त्या काळातल्या बऱ्याच लेन्सचं हेच आहे. कॅननची बॉडी आणि लेन्स आपसात जी भाषा बोलतात ती सिग्माने स्वतः उलगडून शिकली होती, कॅननने शिकवली नव्हती. पुढच्या बॉडींमध्ये कॅनन दोन शब्द नवीन बोलला आणि जुनी सिग्मा गोंधळली. काही लेन्सची चिप पूर्वी बदलून मिळायची, इतक्या जुन्या लेन्ससाठी आता ती आशा ठेवू नका. फुल ओपन ठेवून पोर्ट्रेटला वापरा किंवा शोकेसमध्ये. डीएसएलआरसाठीच्या नवीन सिग्मा, म्हणजे आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स या नावांच्या, त्यांचं फर्मवेअर यूएसबी डॉक लावून घरी अपडेट करता येतं, त्यामुळे त्यांना हा त्रास झाला तरी उपाय असतो. दोन्हीकडच्या टिकल्या कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून मगच निर्णय घ्या, एखाद्या वेळी नुसती धूळ असते, आपल्याकडे धुळीला काय तोटा.

प्रश्न : मामांनी आखातातून आणलेला मिनोल्टा ७००० आणि दोन लेन्स कपाटात सापडल्या. माझ्याकडे सोनीचा मिररलेस आहे. काही उपयोग?

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा, भारी वस्तू आणली होती. १९८५ चा हा कॅमेरा, बॉडीतच मोटर असलेला ऑटोफोकस लोकांपर्यंत नेला तो यानेच, आणि २००६ ला मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा सोनीकडे गेल्यामुळे त्या दोन्ही लेन्स सोनीच्या ए माउंटच्याच झाल्या. तुमच्या मिररलेसला ई माउंट आहे, त्यामुळे ॲडॉप्टर लागणार. यांना पण बॉडीतली दांडीच लागते, निकॉनच्या डी सारखीच. सोनीच्या एलए-ईए३ मध्ये मोटर नाही, त्यावर फोकस हाताने. एलए-ईए४ मध्ये मोटर आहे पण आत एक आरसा पण आहे, आणि फोकस तुमच्या बॉडीचा नाही तर त्या ॲडॉप्टरचा वापरला जातो, मधल्या थोड्याच पॉइंटचा. एलए-ईए५ मध्ये आरसा नाही, बारकी मोटर आहे, पण दांडीवाल्या लेन्सचा ऑटोफोकस तो ठराविक बॉडींवरच देतो, तुमचं मॉडेल सोनीच्या यादीत आहे का बघितल्याशिवाय मागवू नका. नुसतं खेळायचं असेल तर पोकळ रिंग घेऊन फोकस हाताने करा, पण ती अपर्चर बदलायची कळ असलेली बघून घ्या कारण या लेन्सवर अपर्चरची रिंग नसते.

आणि आज घरी गेल्या गेल्या त्या ७००० च्या मुठीतले छोटे पेन्सिल सेल काढून टाका. इतकी वर्षं आत असतील तर एव्हाना गळले असतील.